क्लचचा खालचा सिलिंडर : शोधणे आणि बसवणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या भागांतील जीप, पिकअप आणि प्रवासी गाड्यांचे मालक व चालक क्लचच्या खालच्या सिलिंडरविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कंपनीच्या पुस्तकात या भागाला क्लच स्लेव्ह सिलिंडर म्हणतात. आपल्या गॅरेजांत तो ‘खालचा सिलिंडर’ असतो आणि पेडलजवळचा मास्टर सिलिंडर ‘वरचा’. गोकाक-बैलहोंगलच्या बाजूला दुकानदार कन्नडमध्ये ‘केळगिन’ म्हणाला तर खालचा आणि ‘मेलिन’ म्हणाला तर वरचा, एवढे लक्षात ठेवावे. कारण काउंटरवर होणारा पहिला घोटाळा या दोन शब्दांतच होतो.

हा सिलिंडर नेमके काय काम करतो?

पेडल दाबल्यावर वरच्या सिलिंडरमधील ब्रेक ऑइल पाइपमधून खाली ढकलले जाते. ते खालच्या सिलिंडरमधील पिस्टनला बाहेर रेटते, पिस्टनची दांडी क्लचच्या फोर्कला ढकलते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सरकवतो आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबून क्लच प्लेट मोकळी करते. या साखळीत पिस्टनची दांडी साधारण दहा-पंधरा मिलिमीटर सरकते. त्यातील दोन-तीन मिलिमीटर कमी पडले तरी प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरू लागतो. इतक्या लहान अंतरावर सगळा खेळ असल्याने गळतीचा एखादा थेंब किंवा हवेचा एखादा बुडबुडाही चालकाच्या पायाला लगेच जाणवतो.

माझ्या गाडीला हा सिलिंडर आहे की केबल, हे कसे समजावे?

बॉनेट उघडून पेडलच्या समोरच्या पत्र्यावर पाहावे. तेथून जाड काळी केबल गिअरबॉक्सकडे गेलेली असेल, तर गाडीला हा सिलिंडर नाही. मारुती ८०० आणि ओम्नी ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. त्याऐवजी लहान सिलिंडर आणि त्यातून निघालेला धातूचा बारीक पाइप दिसला, तर क्लच ऑइलवर चालतो. बोलेरो, क्वालिस आणि इनोव्हा या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या गाड्या या दुसऱ्या प्रकारात येतात.

बिघाड खालच्याच सिलिंडरचा आहे, हे कसे ओळखावे?

या प्रश्नाला पुरेसा वेळ द्यावा, कारण चुकीचा भाग बदलण्यात जेवढे पैसे जातात तेवढे योग्य भाग बदलण्यात जात नाहीत. प्रथम बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी पाहावी. पातळी उतरली असेल, तर ऑइल कोठून तरी बाहेर पडतच आहे. मग गाडीखाली जाऊन खालच्या सिलिंडरचे रबरी बूट, म्हणजे तोंडावरचे रबरी टोपण, बोटाने हळूच मागे सारावे. आत ओल असेल, किंवा धूळ आणि ऑइल मिसळून झालेला काळा चिखल बोटाला लागला, तर सिलिंडरचा वॉशर, म्हणजे पिस्टनवर बसणारे ऑइल अडवणारे रबर, गेला असे समजावे. बूट कोरडे असेल, तर चालकाच्या पायाखालची चटई उचलून पेडलच्या वरचा भाग चाचपावा. तेथे ओल असल्यास दोष वरच्या सिलिंडरचा आहे.

दोन्हीकडे कोरडे असूनही पेडल बसत असेल, तर एका माणसाने पेडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने खाली दांडीकडे पाहावे. दांडी बाहेर येऊन काही सेकंदांत हळूहळू परत आत सरकू लागली आणि बाहेर कोठेही थेंब नसेल, तर ऑइल वरच्या सिलिंडरच्या वॉशरवरून मागे टाकीत परत जात आहे. खालच्या सिलिंडरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या वॉशरवरून निसटलेले ऑइल बुटातच येते, दुसरीकडे जायला त्याला जागा नसते. म्हणून कोरड्या बुटाच्या सिलिंडरला गळतीसाठी दोष देऊ नये. याउलट दांडी पूर्ण अंतर सरकते, तशीच टिकून राहते आणि तरीही गिअर पडत नाही, अशी स्थिती असेल, तर दोष पुढे फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट किंवा क्लच प्लेटमध्ये शोधावा लागतो.

दोन-चार वेळा पेडल मारले की गिअर पडतो, एकदा मारून पडत नाही. याचा अर्थ काय?

बहुतेक वेळा ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पेडलचा पहिला दाब हवा आवळण्यातच खर्च होतो. मात्र नुसती हवा काढून घेणे हा उपाय नव्हे. बंद व्यवस्थेत हवा शिरली म्हणजे टाकी कधीतरी रिकामी झाली असावी किंवा कोठेतरी वॉशर, पाइप वा नट सैल असावा. कारण सापडेपर्यंत तोच त्रास आठवड्या-पंधरवड्याने परत येतो.

नवी क्लच प्लेट टाकली आणि महिन्याभरात चांगला चालणारा सिलिंडर गळू लागला. मेकॅनिकने काही बिघडवले का?

शक्यता फार कमी आहे. क्लच प्लेट झिजत जाते तसतशा प्रेशर प्लेटच्या पाकळ्या गिअरबॉक्सच्या बाजूला येतात आणि त्या फोर्कमार्फत दांडीला, म्हणजेच पिस्टनला, सिलिंडरमध्ये अधिकाधिक आत ढकलतात. वर्षानुवर्षे पिस्टन आतल्या भागात फिरत राहतो आणि तोंडाजवळच्या रिकाम्या भागावर गंज व मळ बसतो. नवी जाड प्लेट बसताच पिस्टन पुन्हा बाहेरच्या बाजूला येतो आणि मऊ वॉशर त्या खडबडीत गंजावर घासू लागतो. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलायची झाल्यास त्याच वेळी खालचा सिलिंडर उघडून पाहावा, आणि गाडी पाच-सहा वर्षांहून जुनी असल्यास तो बदलूनच टाकावा, असे माझे मत आहे.

फक्त वॉशर किट टाकले तर चालेल का?

सिलिंडरच्या आतील भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल, तर चालेल. पिस्टन काढून भिंत कोरड्या कापडाने पुसावी आणि नखाने चाचपावी. नख कोठेही अडखळले, तर किटचे पैसे वाया जातील. आपल्याकडे उद्यमबाग आणि मच्छे येथे हायड्रॉलिकची कामे करणारे कारखाने असल्याने ‘लेथवर बोअर मारून आणतो’ असे पुष्कळजण सुचवतात. पण बोअर, म्हणजे आतील भोक, मोठे केले की जुन्या मापाचा वॉशर त्यात सैल पडतो. नवी नळी ठोकून मूळ माप परत आणणे शक्य असते, परंतु ज्या जुन्या गाडीचा सिलिंडर बाजारात मिळतच नाही तिच्यासाठीच तो खर्च परवडतो.

दुकानात जाताना काय न्यावे?

जुना सिलिंडर न्यावा. गाडीचे नाव, वर्ष आणि चेसिस नंबर यांचीही गरज आहेच. एकाच नावाच्या गाडीत, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाल्यानंतर, इंजिन आणि गिअरबॉक्स बदलले असण्याची शक्यता असते. गाडीची पाटी केए-२२ असो, केए-२३ असो की एमएच-०९, त्याने भाग बदलत नाही; चेसिस नंबरप्रमाणे मात्र तो बदलतो. तरीही अखेरचा शब्द हातातील जुन्या भागाचा असतो.

काउंटरवर दोन्ही सिलिंडर शेजारी ठेवून बोल्टच्या भोकांमधील अंतर, पाइपच्या तोंडाचे आटे, हवा काढण्याच्या निप्पलची जागा आणि दांडीची लांबी जुळवावी. पाचवी गोष्ट बहुतेकजण पाहत नाहीत आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते : बोअर, म्हणजे आतील व्यास. तो बहुधा सिलिंडरच्या अंगावर ओतीवातच उठवलेला असतो, कधी ३/४, १३/१६ असा इंचांत, तर कधी १९.०५, २०.६४ असा मिलिमीटरमध्ये.

बोअरमध्ये दीड मिलिमीटरचा फरक असला तर काय बिघडते?

माझ्या स्वतःच्या पिकअपसाठी मी एकदा ऊस हंगामाच्या गडबडीत ‘सेम टू सेम आहे, डोळे झाकून लावा’ या शब्दावर सिलिंडर आणला. बोल्ट बसले, पाइप बसला, गळतीही नव्हती, पण रिव्हर्स टाकताना गिअर करकरत असे. दोन दिवस आम्ही हवा काढत बसलो. तिसऱ्या दिवशी चिंधीने मळ पुसून दोन्ही सिलिंडरच्या अंगावरचे आकडे वाचले, तेव्हा जुन्यावर ३/४ आणि नव्यावर १३/१६ होते.

हिशेब असा आहे. १९.०५ मिलिमीटर बोअरचे क्षेत्रफळ सुमारे २८५ चौरस मिलिमीटर भरते, तर २०.६४ मिलिमीटरचे सुमारे ३३५. वरून येणारे ऑइल तेवढेच असल्याने मोठ्या बोअरमध्ये पिस्टन सुमारे १५ टक्के कमी सरकतो. जेथे दांडी १२ मिलिमीटर सरकायला हवी, तेथे ती जेमतेम १०.२ मिलिमीटर सरकते. पेडल मात्र हलके लागते, आणि त्यामुळे पहिल्या दिवशी चालक खूश असतो. बोअर लहान असेल तर उलट घडते : पेडल जड होते आणि पिस्टन गरजेपेक्षा जास्त बाहेर येतो.

बेळगावात भाग मिळाला नाही तर?

उत्तरेकडे कोल्हापूर आणि दक्षिणेकडे हुबळी, या दोन्ही बाजारपेठा आपल्याला जवळ आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर सोयीचे, तर खानापूर-कित्तूरच्या लोकांना हुबळी. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यामुळे राज्य बदलल्याने कराचा एकूण दर बदलत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर तो १८ टक्के आहे. दुकान कोणत्याही राज्यातले असो, छापील पावती घ्यावी, कारण माप चुकल्यास भाग परत करण्यासाठी तीच कामी येते. फोनवरून मागवायचे असल्यास जुन्या सिलिंडरचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढावेत आणि अंगावरचे आकडे स्पष्ट दिसतील असा एक फोटो वेगळा पाठवावा.

कंपनीचा माल घ्यावा की लोकल?

नामांकित सुटे भाग बनवणाऱ्यांचा माल घेण्यास हरकत नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, भाग क्रमांक आणि छापील किंमत नसलेला सिलिंडर मात्र घेऊ नये. पिस्टन बोटाने दाबून सोडावा. तो अडखळत परत येत असेल, तर सिलिंडर तेथेच परत करावा.

ऑइल कोणते घालावे?

टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच घालावे. ते सहसा डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचे असते. याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरे, पण ते खनिज तेल नाही, आणि या नावामुळेच पुष्कळ नुकसान होते. इंजिन ऑइल, डिझेल किंवा ग्रीस या व्यवस्थेतील रबराला लागले की रबर फुगते, मऊ पडते आणि मग वरचा व खालचा असे दोन्ही सिलिंडर एकदमच बदलावे लागतात. वॉशर बसवताना त्याला स्वच्छ ब्रेक ऑइलच लावावे. सिलिकॉनवर आधारलेले डॉट ५ हे वेगळेच द्रव्य असून ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, परंतु पाणी शोषलेल्या डॉट ४ साठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. खानापूर, जांबोटी, आंबोलीच्या पट्ट्यात चार महिने ज्या पावसात गाड्या उभ्या असतात, तो पाहता झाकण सैल ठेवणे किंवा मागच्या वर्षीचा अर्धा डबा वापरणे चुकीचे आहे. शोषलेले पाणीच पुढे सिलिंडरच्या आत गंज आणते. ऑइल गाडीच्या रंगावर सांडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे, कारण ते रंग खाते.

सिलिंडर घरी बदलता येतो का?

गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टांवर बसवलेला असेल, तर बेताची हत्यारे असणाऱ्यालाही येतो. काही गाड्यांत मात्र हा सिलिंडर बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचभोवतीच्या कवचाच्या आत, रिलीज बेअरिंगला जोडूनच असतो. तेथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि ते काम गॅरेजमध्येच करावे. बेल हाउसिंगच्या तळाशी ब्रेक ऑइलचे थेंब दिसत असतील आणि बाहेर सिलिंडर कोठेच सापडत नसेल, तर आपली गाडी या प्रकारातील आहे.

बाहेरचा सिलिंडर बसवण्याची पद्धत कोणती?

गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. खाली शिरण्यासाठी गाडी उचलायची असेल, तर ती घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. सिलिंडरच्या आजूबाजूचा वाळलेला चिखल आधी ब्रशने काढावा, कारण उघड्या पाइपमध्ये गेलेला एक खडा नव्या वॉशरला पुरतो. आदल्या रात्री नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवल्यास सकाळचे काम निम्मे होते.

सिलिंडर बोल्टांवर घट्ट असतानाच पाइपचा नट प्रथम सैल करावा. सिलिंडर सुटा झाल्यावर त्याला धरायला काही उरत नाही आणि पाइप पिळला जातो. या नटाला साधा पाना लावला की त्याच्या कडा गोल होतात, म्हणून पाइपावरून सरकवता येणारा, एका बाजूने फाट असलेला रिंग पाना वापरावा. पाइप सुटताच त्याच्या तोंडाला रबरी बूच लावावे आणि मगच दोन बोल्ट काढावेत. या वेळेपासून सिलिंडर पुन्हा जागेवर बसेपर्यंत पेडलला कोणाचाही पाय लागता कामा नये. गाडीजवळ लहान मुले असतील, तर दार लावून घ्यावे.

नवा सिलिंडर बसवताना पाइपचा नट आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन आटे फिरवून घ्यावा आणि त्यानंतर सिलिंडरचे बोल्ट आवळावेत. बोल्ट आधी आवळले तर पाइप तिरका येतो, आटे ओलांडले जातात आणि नवा सिलिंडर पहिल्याच दिवशी निकामी होतो. जोडणीत तांब्याचे वॉशर असतील तर ते नवे टाकावेत. दांडीचे टोक फोर्कच्या खळग्यात नीट बसले आहे, हे आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा वापरून पाहावे. काही नव्या सिलिंडरच्या दांडीला प्लास्टिकची पट्टी असते. ती पेडलच्या पहिल्या दाबाने आपोआप तुटण्यासाठीच दिलेली असल्यास कापू नये, तेथे सोबतच्या कागदावरील सूचना पाळावी.

हवा कशी काढावी?

टाकी भरावी, निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल पूर्ण दाबून धरावे, दुसऱ्याने निप्पल पाव फेरा सोडावे, बुडबुडे आणि ऑइल आले की निप्पल बंद करावे आणि ‘सोड’ म्हणाल्यावरच पेडल सोडावे. क्रम चुकला तर काढलेली हवा परत आत जाते. सुरुवातीला पेडल स्वतःहून वर येत नाही, ते हाताने उचलावे. दर चार-पाच वेळांनंतर टाकी पाहावी. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, आणि ती रिकामी होऊ दिल्यास ब्रेकच्या पाइपांतही हवा शिरते. पाव ते अर्धा लिटर ऑइल या कामाला पुरते.

तासभर हवा काढूनही पेडल मऊच राहते. आता काय करावे?

निप्पल सिलिंडरच्या वरच्या बाजूला आले आहे का, हे आधी पाहावे; ते खाली आले असेल, तर हवा कधीच निघणार नाही. ते बरोबर असेल, तर निप्पल थोडे उघडे ठेवून ऑइल दहा-पंधरा मिनिटे आपल्या वजनाने ठिबकू द्यावे. तेही जमले नाही, तर खालून वर ऑइल भरावे : जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी मोठी, कोरी सिरिंज ऑइलने भरून नळीने निप्पलला जोडावी आणि सावकाश दाबावी, म्हणजे हवा आपल्या स्वभावाप्रमाणे वर टाकीत निघून जाते. टाकी ओसंडणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. सिरिंजचे रबर ब्रेक ऑइलने लवकरच फुगते, त्यामुळे ती पुन्हा वापरण्यासाठी ठेवू नये.

पेडलमध्ये थोडी ढिलाई असणे गरजेचे आहे का?

होय. पेडल सुटलेले असताना वरच्या सिलिंडरची दांडी आणि पिस्टन यांच्यात किंचित अंतर हवे. ते नसेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे बारीक छिद्र झाकलेले राहते, आणि इंजिनच्या उष्णतेने प्रसरण पावलेले ऑइल परत जाऊ न शकल्याने क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. गाडी सकाळी ठीक चालते आणि दुपारी चढावर क्लच घसरू लागतो, तेव्हा नवी प्लेट घेण्याआधी ही ढिलाई तपासावी.

चोर्ला घाटात सिलिंडर गेला तर गाडी पुढे न्यावी का?

घाटात नेऊ नये. गाडी डावीकडे घेऊन चाकांना दगड लावावेत आणि टाकी पाहावी. सामाईक टाकीत क्लचचे तोंड सहसा ब्रेकच्या तोंडापेक्षा वर असते, त्यामुळे आधी क्लच जातो. पण म्हणून ब्रेक शाबूत आहेत असे गृहीत धरू नये, ते प्रत्यक्ष दाबून पाहावेत. डबा सोबत असेल, तर ऑइल भरून, पेडल भराभर मारून जवळच्या सपाट थांब्यापर्यंत जाता येते. टाकीत पाणी घालू नये. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकणे आणि स्टार्टरवर गाडी उचलणे ही जुन्या चालकांची युक्ती मोकळ्या सपाट रस्त्यावरच वापरावी, आणि ज्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत त्यांत ती चालत नाही.

काढलेले ऑइल आणि जुना सिलिंडर यांचे काय करावे?

ऑइल गटारात, शेतात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. बाटलीत भरून, वर नाव लिहून, जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. जुना सिलिंडर मात्र लगेच भंगारात टाकू नये. नवा सिलिंडर शे-दोनशे किलोमीटर चालेपर्यंत दररोज त्याचे बूट बोटाने तपासावे, आणि ते कोरडे राहिले की जुन्याच्या अंगावरील आकडे गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात लिहून ठेवून मगच तो भंगारवाल्याला द्यावा.